चौघे असतील तोवर जबरी चोरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घडणाऱ्या विनोदी गुन्हेपटाचा आराखडा एका तरुण लेखकाने पाठवला आहे. जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवलेला पोरगा आणि ऊसतोड टोळीचा मुकादम असे चार विजोड लोक गावातली बँक लुटायला निघतात. लेखकाची तक्रार अशी, की मध्यंतरापर्यंत वाचणारे हसतात आणि चौघे बँकेत शिरले की हसणे थांबते. आता पाठलाग वाढवावा का, पोलीस अधिक बावळट करावेत का, आणि बँकेच्या कामकाजाचा तपशील किती द्यावा, असे त्यांनी विचारले आहे. पटकथालेखनाकडे वळण्यापूर्वी मी मराठवाड्यातल्याच एका शाखेत रोखपाल होतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर जरा अधिक बोललो तर चालवून घ्यावे.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहू. आपल्या चौघांतला विजोडपणा सध्या वयात, पोशाखात आणि बोलण्यात आहे. गरजेत तो नाही. चौघांनाही ‘पैसा हवा’ एवढेच आराखड्यात लिहिलेले दिसते. चार भिन्न स्वभावांची माणसे चहाच्या टपरीवर पहिल्यांदा एकत्र बसतात तेव्हा वरवरचा फरक पुरतो, कारण त्या प्रसंगात आपापल्या ढंगाने बोलण्याखेरीज त्यांना दुसरे काम नसते. बँकेत शिरल्यावर मात्र चौघांचे काम एकच होते, चौघेही एकाच सुरात धमक्या देतात, आणि मग गुरुजी कोण व मुकादम कोण याच्याशी प्रेक्षकाला देणेघेणे उरत नाही. हवालदाराला चिखलात पाडून ही उणीव भरून निघणार नाही. प्रत्येकाला वेगळी रक्कम, वेगळी मुदत आणि लाजेची वेगळी मर्यादा द्या, म्हणजे बँकेच्या आत त्यांना एकमेकांशी भांडावेच लागेल. ओलीस धरलेल्या गावकऱ्यांदेखत चाललेले ते भांडण हाच आपल्या चित्रपटाचा उत्तरार्ध आहे.

गुरुजींनी निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवले आणि ती बंद पडली, असे आपण ओझरते सूचित केले आहे. ते ओझरते ठेवू नका. मुदत ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गुरुजी बरोबर आणतील, आणि पावतीवरची रक्कम अधिक आजपर्यंतचे व्याज एवढेच पैसे मागतील. त्यावर एक रुपयाही त्यांना नको, कारण त्यांच्या लेखी तेवढी वसुली आहे आणि वरचा रुपया ही चोरी. इथे एक वस्तुस्थिती हाताशी ठेवावी. बँक बुडाली तर ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण मिळते. पतसंस्थेच्या ठेवीदाराला ते लागू नाही. मग ज्यांनी पैसे बुडवले ती पतसंस्था सोडून बँक कशाला लुटायची, असे बँडवाल्याने विचारले की गुरुजींनी शांतपणे म्हणावे, “तिथं लुटायला काही ठेवलंय का त्यांनी?”

मुकादमाचे गणित अगदी निराळे आहे. हंगामाआधी घेतलेली उचल त्याने टोळीतल्या जोडप्यांना वाटून टाकली, आणि ती जोडपी ऐनवेळी दुसऱ्याच मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कर्नाटकात निघून गेली. कारखान्याचे गाळप सुरू होण्याआधी त्याला एक तर माणसे उभी करायची आहेत किंवा पैसे. त्याला रक्कम मोठी हवी आणि आजच हवी. पावती, व्याज, हिशेब या गोष्टींचा त्याला मनस्वी कंटाळा आहे. बँडवाल्याला त्याच डीजेचा संच विकत घ्यायचा आहे ज्याने त्याचा धंदा बसवला, आणि हे सांगताना त्याची मान खाली जाते. स्पर्धा परीक्षेच्या पोराची मर्यादा सर्वांत मजेदार ठरेल. त्याला नोकरी लागण्याची आशा अजून सुटलेली नाही, त्यामुळे पुढे कधी चारित्र्य पडताळणी झाली तर अडचण येऊ नये अशा बेताने त्याला बँक लुटायची आहे.

आपण कथा मे महिन्यात ठेवली आहे, कारण उन्हाळ्यात दुचाकीवरचा प्रत्येक माणूस तोंडाला रुमाल बांधून फिरतो आणि दरोडेखोर वेगळे ओळखू येत नाहीत. ही कल्पना चांगली असली तरी तिच्यासाठी फार मोठी किंमत मोजली जात आहे. माझ्या मते कथा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्यावी. तेव्हा सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, आलेले असते आणि शेतकऱ्यांना चुकते करण्यासाठी आडत्यांची रोख उचलण्याची घाई असते, म्हणजे शाखेत नेहमीपेक्षा जास्त पैसा असण्याला कारण मिळते. त्याच सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात, तेव्हा मुकादमाची मुदत आपोआप ठरते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा बँडवाल्याची मुदत ठरते. आणि नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना असतो. आपण जिवंत आहोत हे लिहून देण्यासाठी काठ्या टेकत आलेल्या वृद्धांची बाकांवर गर्दी झालेली असताना बंदुकीच्या धाकाने ‘जीव प्यारा असेल तर हलू नका’ म्हणणे यात जो विनोद आहे, तो लेखकाला वेगळा रचावा लागत नाही. रुमालाचे म्हणाल तर धुळीमुळे आपल्याकडे तो बाराही महिने चालतो.

आता आपल्या आराखड्यात नसलेल्या, पण माझ्या मते साऱ्या पटकथेचा कणा होऊ शकेल अशा एका गोष्टीकडे येतो. कायद्याने दरोड्याला किमान पाच माणसे लागतात. चौघांनी बँक लुटली तर ती जबरी चोरी. पाचवा सामील झाला, अगदी जागेवर हजर राहून नुसती मदत केली, तरी तो दरोडा होतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दरोड्याची नुसती तयारी करणे आणि त्यासाठी एकत्र जमणे हेही स्वतंत्र गुन्हे आहेत. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हा मथळा आपल्याकडच्या दैनिकांत इतका नेहमीचा आहे, की प्रेक्षकाला तो ठाऊक असतो. त्यातला पाचाचा आकडा मात्र सहसा कोणी मोजलेला नसतो. आपल्या पोराने तो मोजलेला आहे. त्याने भारतीय दंड संहितेची कलमे तोंडपाठ केली, ३९० जबरी चोरी, ३९१ दरोडा, ३९९ तयारी. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन जबरी चोरी ३०९ वर व दरोडा आणि त्याची तयारी ३१० वर गेली. पाठांतर वाया गेल्याचे त्याचे दुःख खरे आहे, आणि तो बोलताना जुना व नवा आकडा अशी जोडी सांगत राहिला तर पात्राची ओळख आणि कायद्याची माहिती एकाच वाक्यात उरकते. चौघांची नुसती बैठक म्हणजे गुन्हा नव्हे, असे तो छातीठोकपणे सांगतो. गुन्हेगारी कटाचे कलम दोघेच असले तरी लागते; पण तो धडा त्याने ऑप्शनला टाकलेला असावा.

अशा टोळीत पाचवा माणूस आणा, आणि तो असा आणा की त्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही. मुकादमाचे दाजी मला त्या जागी दिसतात. गाडी त्यांची, डिझेल त्यांचे, आणि बहीण दिलेल्या घरचा माणूस. त्यांना बाहेर बसा म्हणणे आपल्याकडच्या कोणत्याही घरात शक्य नाही. एरवी सगळ्यांना दरडावणारा मुकादम त्यांच्यापुढे मवाळ होतो, आणि पोराच्या अंगाला घाम सुटतो: “दाजी, तुमी निवांत बसा, चहा घ्या, पर आमच्यात बसू नका. चौघं हावत तवर जबरी चोरी हाय, तुमी बसले की दरोडा होतो.” दाजींचा त्यावर मानापमान. हा प्रसंग पूर्वार्धात एकदा आणि बँकेच्या दारात पुन्हा एकदा यावा; दुसऱ्या वेळी दाजी रुसून गाडीत बसलेले असावेत आणि नेमकी आत त्यांची गरज पडावी. हजर राहून मदत करणारा मोजायचा असेल तर रस्त्यावर गाडीत बसलेला हजर धरायचा की नाही, यावर शेवटी ठाण्यात पोलीस निरीक्षक आणि पोरगा यांच्यात जो वाद होईल, त्यात दोघेही आपापल्या परीने अभ्यासू दिसले पाहिजेत.

बँकेच्या तपशिलाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: खरे कामकाज जितके काटेकोर दाखवाल तितके हसू येईल, कारण शाखेचे सारे नियम एका माणसाच्या हाती पैसा जाऊ नये याच हेतूने केलेले असतात आणि आपले चौघे नेमके तेच करायला आलेले असतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याने ती उघडत नाही. किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची तर रजिस्टरमध्ये नोंद आणि सह्या लागतात. समजा दुसरी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या बाई त्या क्षणी आडत्याच्या कर्जाच्या तपासणीसाठी मोंढ्यावर गेल्या आहेत. मुकादम रोखपालाच्या अंगावर ओरडतो, रोखपाल रजिस्टर पुढे करतो, आणि आयुष्यभर हजेरीपट लिहिलेले गुरुजी रोखपालाची बाजू घेतात: “नोंद नाही तर किल्ली कशी देतील ते? त्यांची नोकरी आहे.” इथे कोणी विनोद करत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरी काम अडले आहे.

शाखेत रात्री किती रोख ठेवायची याला मर्यादा असते आणि जास्तीची रक्कम करन्सी चेस्टकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने रोख साठवणाऱ्या शाखेकडे, पाठवली जाते, हेही ध्यानात घ्यावे. चौघांनी भरणा आला तो दिवस न निवडता रोख निघून गेली तो दिवस निवडला, तर तिजोरीत फार तर किरकोळ नोटा आणि नाणी उरतील. पाचशेच्या शंभर नोटांचे पाकीट ५० हजारांचे, दहा पाकिटांचा बंडल ५ लाखांचा, आणि असा बंडल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावतो. याउलट दहा रुपयांचे नाणे साधारण पावणेआठ ग्रॅम भरते, म्हणजे एक लाख रुपयांची नाणी जवळजवळ ७७ किलो होतात. मुकादमाने जिवाच्या आकांताने ती पोती गाडीत घालावीत, गाडीचे चाक रुतावे, आणि पुढच्या गावी पंक्चरवाल्याने दहाचे नाणे घ्यायला नकार द्यावा. ही नाणी वैध आहेत असे रिझर्व्ह बँकेने अनेकदा जाहीर केले आहे, तरी आपल्या भागात कित्येक दुकानदार ती हाती धरत नाहीत, हे प्रेक्षकाला सांगावे लागणार नाही. लुटारू रिझर्व्ह बँकेचा हवाला देत दुकानदाराला चलनाची वैधता समजावून सांगतो आहे, हे दृश्य मला कोणत्याही पाठलागापेक्षा मोलाचे वाटते.

गुरुजींच्या व्याजाचा प्रसंगही शाखेतच रंगू द्या. मुदत संपून न नेलेल्या ठेवीला बँकेत मूळ ठेवीचा किंवा बचत खात्याचा, यांतला जो दर कमी असेल तो लागतो. गुरुजी पूर्ण दराने तिमाही चक्रवाढ करून आकडा लिहून आणतात, आणि हात वर केलेला रोखपाल सवयीने म्हणतो, “मुदत संपल्यावर हा दर लागत नाही, गुरुजी.” मग दोघे कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. बाकावरचे दोन पेन्शनर त्यात पडतात, कारण त्यांचेही पैसे त्याच पतसंस्थेत अडकलेले आहेत. मुखवटा कधी गळून पडला हे इथे कोणाच्याच लक्षात येऊ नये. रोखपालाने ‘गुरुजी’ म्हटलेले प्रेक्षकाच्याही थोडे उशिरा ध्यानात यावे.

त्यामुळे बाहेर पळण्याची वेळ आली तेव्हा तिघे धावतात आणि गुरुजी धावत नाहीत. गुडघे दुखत असतात. रुमाल खिशात घालून ते हयातीच्या दाखल्याच्या रांगेत बसतात आणि नंबर आल्यावर रीतसर सही करतात, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण घटनास्थळी होतो याचा लेखी पुरावा स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवतात. पोलीस येतात. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच हवे असतात, आणि निवृत्त गुरुजींपेक्षा प्रतिष्ठित माणूस त्या गावात कोण असणार? आपण केलेल्या गुन्ह्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून बसलेले गुरुजी हवालदाराचे शुद्धलेखन दुरुस्त करतात, आणि ‘अज्ञात इसमांनी’ या शब्दांपाशी त्यांचा पेन थबकतो. दारावरचा सुरक्षारक्षक त्यांचा जुना विद्यार्थी आहे. त्याने आवाज पहिल्या मिनिटालाच ओळखला होता, पण गुरुजींकडे बोट दाखवायला त्याचा हात उठत नाही. हा प्रसंग आपल्या आराखड्यातल्या गोळीबाराच्या जागी ठेवून पाहा. मी तरी तो शेवटच्या वीस मिनिटांचा केंद्रबिंदू करीन.

यातच पोलिसांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. त्यांना बावळट करू नका. पोलीस बावळट असले की पकडले जाण्याची भीती संपते आणि भीती संपली की हसण्याचे कारणही जाते. स्थानिक गुन्हे शाखेचा एखादा मितभाषी अधिकारी असा हवा, ज्याला दुपारपर्यंत सगळे कळलेले आहे आणि जो केवळ आरोपींची संख्या चार लिहायची की पाच एवढ्यासाठी थांबला आहे.

प्रेक्षकांची सहानुभूती टिकेल का, अशी शंका आपण तळटीपेत व्यक्त केली आहे. दोन गोष्टी पाळल्या तर टिकेल. पहिली, लुटलेली रोख हा बँकेचा तोटा असतो, त्याचा विमा बँकेने उतरवलेला असतो आणि ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक त्याने कमी होत नाही, हे रोखपालाने एखाद्या घाबरलेल्या म्हातारीला सांगताना आपसूक कळू द्यावे. दुसरी, हातातले शस्त्र नकली असले तरी समोरच्याची भीती खरी दाखवावी. कुणाचा रक्तदाब वाढला तर चौघांपैकी एकाने पाणी आणायला धावले पाहिजे, आणि त्या माणसाला खरोखर बरे नसले पाहिजे. त्याचबरोबर चित्रपट परिनिरीक्षणाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये असे म्हटले आहे. गजर कसा बंद केला, कॅमेरा कसा चुकवला असले धडे त्यामुळेही नकोत आणि आपल्या कथेला त्यांची गरजही नाही, कारण आपल्या चौघांना त्यातले काहीच येत नाही.

बोलीबाबत एक सावधगिरी हवी. आराखड्यात मुकादमाचे ‘कामून’ आणि ‘काय करायलास’ आले की कंसात हशा असे आपण लिहिले आहे. परभणी-नांदेडच्या प्रेक्षकाला त्यात हसण्यासारखे काही नाही, तो घरी असेच बोलतो. हसणारा पुण्या-मुंबईचा असेल आणि तो बोलीला हसेल, माणसाला नव्हे. सगळेच बोलीत बोलू द्या आणि बँकेच्या सूचना मात्र प्रमाण मराठीत येऊ द्या, म्हणजे परकेपणा योग्य जागी जाईल.

पाठलाग मी तीन मिनिटांत आटोपला असता. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे, मागे मुकादमाची गाडी, त्यामागे पोलिसांची गाडी, आणि ओव्हरटेक कोणालाच करता येत नाही, एवढे पुरे. मारिओ मोनिचेल्ली यांच्या १९५८ च्या इटालियन चित्रपटात, ज्याला या प्रकाराचा आद्य नमुना मानतात, चोर रात्रभर खपून भलतीच भिंत फोडतात, स्वयंपाकघरात निघतात आणि तिथले अन्न खात बसतात. तिथे पाठलागावाचून काही अडत नाही. त्या माणसांना भूक लागलेली असते हे दिग्दर्शकाने ओळखले होते.

शेवटी निर्मितीची एक व्यावहारिक बाब. चालू शाखेत चित्रीकरणाची परवानगी मिळेल हे गृहीत धरून प्रसंग लिहू नका. तालुक्याच्या गावी एखाद्या बंद पडलेल्या पतसंस्थेची इमारत काउंटर आणि जाळीसकट भाड्याने मिळण्याजोगी असते, आणि आपल्या कथेच्या संदर्भात तिचे भाडे कोणाच्या खात्यात जमा करायचे हे आधी वकिलाला विचारून घ्यावे. नोटांच्या बाबतीतही जपावे. खऱ्या नोटेशी फसगत होईल इतके साम्य असलेला कागद तयार करणे वा वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या १८२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, म्हणून छापखान्यातून हुबेहूब नोटा करून घेण्याचा कलादिग्दर्शकाचा बेत रद्द करा. वर एक आणि खाली एक खरी नोट, मध्ये कोरा कागद, अशी पाकिटे आपल्या दृश्यांना पुरतील. नाणी मात्र खरीच घ्या, आणि पोते उचलण्याच्या दृश्याआधी नटाची पाठ धड आहे ना, एवढे पाहून घ्या.